पिंक फ्लॉइड : उगम आणि आरंभीची वाटचाल

लंडनमध्ये १९६५ साली आकाराला आलेला ब्रिटिश सायकेडेलिक रॉक बँड. रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट यांची गाठ रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकला शिकताना पडली. सिड बॅरेट केंब्रिजहून चित्रकला शिकायला आलेला. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या अमेरिकी ब्लूज गायकांची नावे जोडून बँडचे नाव त्यानेच ठेवले. या बँडचे सुरुवातीचे संगीत एलएसडीच्या अमलातून उपजले, असे सर्रास सांगितले जाते. पुरावा मात्र साध्यासुध्या कारणांकडे बोट दाखवतो. १९६५मध्ये काउंटडाउन क्लबात त्यांना रात्रभरात दीड-दीड तासाच्या तीन बैठका वाजवाव्या लागत. तेवढी गाणी जवळ नव्हती, म्हणून आहे तेच गाणे लांबवत नेण्याची सवय लागली. त्याच वर्षी सफाईदार वाजवणारा बॉब क्लोज बाहेर पडला आणि गिटारची सूत्रे बॅरेटकडे आली. त्याला सफाईपेक्षा प्रतिध्वनियंत्रातून निघणाऱ्या चमत्कारिक नादांची ओढ अधिक. हायगेटमधले त्यांचे घरमालक माइक लिओनार्ड स्वतः शिक्षक होते आणि प्रकाशाचे प्रयोग करीत. तेव्हा रंगीत झोतांची गोडी बँडला घरबसल्याच लागली. डिसेंबर १९६६मध्ये सुरू झालेल्या यूएफओ क्लबात नशा होती, यात वाद नाही; पण तिने श्रोते तयार केले, वादनाची रीत त्याआधीच ठरत आली होती.

यावर आक्षेप असा की, हे सारे बॅरेटच्या प्रतिभेचे देणे. हा आक्षेप हलका नाही. मार्च १९६७चे ‘अर्नोल्ड लेन’ आणि विक्रीयादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलेले ‘सी एमिली प्ले’ ही गाणी त्याचीच. ऑगस्टमधल्या ‘द पायपर अॅट द गेट्स ऑफ डॉन’ या पहिल्या अल्बमच्या अकरापैकी आठ रचनाही एकट्या त्याच्या. व्यवस्थापक पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग यांनाही तसेच वाटले. मानसिक प्रकृती ढासळलेला बॅरेट एप्रिल १९६८मध्ये वेगळा झाला, तेव्हा ते बँड सोडून त्याच्याबरोबर गेले. पण गाणी आणि बँडचा घाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्याच अल्बममधले साडेनऊ मिनिटांहून लांब ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ चौघांच्या नावावर आहे. बॅरेटच्या जागी आलेल्या डेव्हिड गिल्मरसह केलेली ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ ही सुमारे बारा मिनिटांची रचना तर वॉटर्स आणि मेसन यांनी इमारतीच्या आराखड्यासारखी कागदावर चढ-उतार रेखून बांधली. पुढच्या दशकातला पिंक फ्लॉइड याच रचनेतून निघाला.