गोव्यातील पोर्तुगीज वळणाचे खाद्यपदार्थ

गोव्यातील पोर्तुगीज वळणाचे खाद्यपदार्थ हे प्रामुख्याने तेथील ख्रिस्ती समाजात रूढ असलेले, नावाने पोर्तुगीज परंतु चवीने गोमंतकीय पदार्थ होत. अफोंसो द अल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा शहर जिंकले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपली. या साडेचार शतकांत पोर्तुगालमधील पाककृती गोव्यात आल्या, पण द्राक्षमद्याची जागा माडीच्या व्हिनेगरने आणि दुधाची जागा नारळाच्या रसाने घेतली.

प्रमुख पदार्थ

विंदालू हे या बदलाचे ठळक उदाहरण आहे. द्राक्षमद्य व लसूण यांत मुरवलेले मांस हा त्याचा मूळ पोर्तुगीज पदार्थ. मदेइरा बेटावर तो आजही नाताळात करतात. गोव्यात त्यात माडीचे व्हिनेगर व लाल मिरची आली. नावातील ‘आलू’चा बटाट्याशी काही संबंध नाही, पोर्तुगीज भाषेत ‘आल्यो’ म्हणजे लसूण. परदेशातील अनेक उपाहारगृहांत विंदालूमध्ये बटाटा घालतात, तो बहुधा या नामसाधर्म्यामुळेच.

सोरपोतेल हा डुकराचे मांस व काळीज बारीक चिरून व्हिनेगर-मसाल्यात शिजवलेला पदार्थ. तो दोन-तीन दिवस मुरल्यावर अधिक रुचकर लागतो, असे मानले जाते. त्याच्यासोबत तांदळाची आंबवलेली सान्नां खातात. पोर्तुगालच्या आलेंतेजो प्रांतात आणि ब्राझीलच्या ईशान्य भागात हाच पदार्थ ‘सारापातेल’ नावाने ओळखला जातो.

बेबिंका हे नारळाचा रस, अंड्यातील पिवळा बलक, साखर, मैदा व तूप यांचे थरांचे पक्वान्न आहे. एक थर वरच्या आचेवर भाजून झाल्यावरच दुसरा ओततात; त्यामुळे ते करण्यास कित्येक तास लागतात. २०२३ मध्ये त्यास भौगोलिक मानांकन मिळाले.

ब्राझीलशी संबंध

भारताकडे निघालेला पेद्रो काब्राल १५०० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला. पुढे १८२२ पर्यंत ब्राझील पोर्तुगालच्या ताब्यात होता. फेजोआदा (‘फेजांव’ म्हणजे घेवड्याच्या वर्गातील दाणे) तिन्ही ठिकाणी आढळतो. ब्राझीलमध्ये काळे दाणे, भात, कसाव्याचे भाजलेले पीठ व संत्र्याच्या फोडी. पोर्तुगालमध्ये बहुधा पांढरे किंवा लाल दाणे. गोव्यात मात्र त्यात तिखट-आंबट गोवन सॉसेज पडते. काजू व अननस ही ब्राझीलमधील झाडे पोर्तुगिजांमार्फत भारतात आली. उलट, नारळ त्यांनीच ब्राझीलमध्ये नेला. बाहिया प्रांतातील ‘मोकेका’ हे माशांचे कालवण आज त्याच्याच रसात शिजते.

समुद्रापासून दूर, कंधार-नांदेडकडील घरांतही या देवाणघेवाणीचा अंश आहे. भारतातील साबुदाणा मुख्यतः कसाव्याच्या कंदापासून तयार होतो. उपवासाच्या खिचडीतील कसावा, शेंगदाणे, मिरची आणि बटाटा ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातील होत.

सद्यःस्थिती

या पदार्थांची चव मुख्यतः माडीवर अवलंबून आहे. पूर्वी गोव्यातील पाव व सान्नां माडीनेच आंबवीत. माडावर चढून ती काढणाऱ्या रेंदेरांची संख्या घटल्याने पाव करणारे पोदेर आता बहुतांशी बाजारी यीस्ट वापरतात, तर अनेक घरांत माडीच्या व्हिनेगरऐवजी कृत्रिम व्हिनेगर आले आहे.