बांधीचा पहिला धुरा कोणी घातला?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात समुद्रकाठी एक जुनी वसाहत पुन्हा उभारून संग्रहालय म्हणून जपली आहे. १६२० साली इंग्लंडहून आलेल्यांची घरे, वाफे, गुरे, सारे काही तेथे पाहायला मिळते. १९४७ साली ही संस्था निघाली, तेव्हा तिचे नाव होते 'प्लिमथ प्लँटेशन'. पण हे 'पहिले शेतकरी' उतरले ती जमीन पडीक नव्हती. तेथे वांपानोआग लोकांचे पटुक्सेट नावाचे गाव होते. १६१६ ते १६१९ च्या साथींत ते ओस पडले आणि त्यांनी साफ केलेली शेते नव्यांना आयती मिळाली. २०२० साली संस्थेने आपल्या नावात 'पटुक्सेट' हा शब्द घातला. म्हणजे एका नावाला चारशे वर्षे वाट पाहावी लागली!

देवरीच्या वाचकाला हे सांगण्याचे कारण आहे. आपल्याकडे असे संग्रहालय नाही. पण उद्या कोणी देवरी तालुक्यातली एखादी जुनी बांधी 'पहिली शेती' म्हणून कुंपण घालून जपायची ठरवली, तर दारावरच्या पाटीवर कोणाचे नाव लागेल? ज्याचे कागदावर आहे त्याचे. आणि कागद कोणाचा, हा प्रश्न झाडीपट्टीत साधा नाही.

येथील धानशेती म्हणजे नुसता नांगर नव्हे. जंगल तोडायचे, खुंट उपटायचे, उतार पाहून माती सरकवायची, चारी बाजूंनी धुरा घालायचा, तेव्हा एक बांधी तयार होते. वर बोडी किंवा तलाव. त्याच्या पाळीतल्या तुडुमातून पाणी सुटते, वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते. हे काम एका पिढीत पुरे होत नाही. पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार मालगुजारी तलाव सांगितले जातात. त्यांत थोर तो नवेगाव बांधचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, अशी नोंद इंग्रजी ग्याझेटियरमध्ये आहे. पुढे ते कोलासूर देव झाले. कोहळ्यांचे पाण्याचे ज्ञान अस्सल होते. ते नाकारण्याचा करंटेपणा आपण करू नये. पण डोंगरांमधली खिंड एकटा पाटील बुजवीत नाही. टोपल्या डोक्यावर घेऊन माती वाहणारी बाई कोणत्या देवळात बसली? तिच्या नावाचा दगडसुद्धा नाही. आणि त्याही आधी या रानात गोंड होते, दाह्या करणारे.

मालकी आली ती इंग्रजांच्या बंदोबस्तात, १८६० च्या दशकात. जो सारा गोळा करून देत होता तो मालगुजार मालक ठरला. जंगलाच्या पट्ट्यात जमीनदाऱ्या कायम झाल्या. धुरा घालणारे कूळ झाले किंवा मजूर झाले, आणि बेगार त्यांच्या पाठीला लागली. १९५० च्या मध्य प्रदेश कायद्याने हे हक्क संपवले, १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेला, पण गाळ काढण्याची जबाबदारीही वाऱ्यावर गेली. जुन्या पाळी खचल्या त्या तेव्हापासून.

या व्यवस्थेतला महार हा मोठा विलक्षण साक्षीदार आहे. शिवेचा तंटा उठला की गावाची हद्द त्याने दाखवायची, आणि त्याचा शब्द अखेरचा मानायचा, अशी रीत मध्य प्रांतात होती. हद्द ज्याच्या पायाला पाठ, हद्दीच्या आतली जमीन त्याला मिळाली किती? काही कुटुंबांकडे जमिनी होत्या, हे खरे आहे. बहुतेकांच्या वाट्याला कोतवालकी, माग किंवा दुसऱ्याच्या बांधीतली रोवणी आली. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात पडीक जमिनीची मागणी होती. तिच्यामागे हा सारा इतिहास उभा होता.

आता हा प्रश्न संग्रहालयाचा राहिलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. पण त्यांच्याच शेजारी राहणारा दलित 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतो आणि त्याला त्यापूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास सिद्ध करावा लागतो. ज्याला कधी कागदच मिळू दिला नाही, त्याच्याकडे १९३० सालचा पुरावा मागायचा! तरीही २००८ च्या नियमांत एक वाट आहे. जमिनीचे सपाटीकरण, बांध, विहिरी, स्मशानभूमी हे पुरावे धरले आहेत. दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात. म्हणजे आजोबांनी घातलेला धुरा कायद्यापुढे बोलू शकतो. अट एवढीच, की तो कोणी घातला हे सांगणारा माणूस हवा.

आमचे तरुण कार्यकर्ते जयंतीला पुतळ्याभोवती जमतात. त्यांनी एक वही घेऊन धुऱ्यांवर जावे, धुरा पावलांनी मोजावा, कोणाच्या आज्याने घातला ते विचारावे, विहीर कोणी खणली ते लिहावे आणि सांगणाऱ्याचा अंगठा घ्यावा. १९३० साली जो दहा वर्षांचा होता, त्याने आज शंभरी ओलांडलेली असेल.