महाडचे सुरबानाना : एका ठरावाची गोष्ट

महाड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एकच दिवस उभा राहतो. २० मार्च १९२७. बाबासाहेब चवदार तळ्यात उतरले, ओंजळीनं पाणी प्याले आणि मागं हजारो माणसं प्याली. ही गोष्ट आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवावी लागली नाही, घराघरात ती सांगितली जाते. पण त्याआधीची एक तारीख आपल्या पोरांना विचारा, बहुतेक गप्प बसतील. ५ जानेवारी १९२४. त्या दिवशी महाड नगरपालिकेनं चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. लोक त्यांना सुरबानाना म्हणायचे.

टिपणीस जातीनं कायस्थ प्रभू. तळ्याचं पाणी त्यांना कधी कुणी नाकारलं नव्हतं. मग अशा माणसाच्या आठवणी आपल्या पानांवर कशाला, असं कुणी विचारील. विचारावंच. आपल्या लढ्याचं श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकायची सवय या देशाच्या इतिहासाला आहेच. तेव्हा आधीच सांगतो, हे गोडवे नाहीत. सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या माणसानं काय केलं, त्यातलं किती टिकलं आणि कुठं कमी पडलं, याचा हा हिशेब आहे.

ठराव आभाळातून पडला नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तशाच शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. सप्टेंबरात सरकारनं खात्यांना तसा हुकूम काढला. पण नगरपालिका आणि लोकल बोर्डांना नुसती शिफारस. करा, न करा, तुमची मर्जी. ही मर्जी कुठल्या बाजूला झुकणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. शेवटी १९२६ साली बोल्यांनाच पुन्हा उभं राहून म्हणावं लागलं, की ज्या संस्था हे मानत नाहीत त्यांचं अनुदान बंद करा.

अशा काळात कोकणातल्या एका लहानशा गावच्या नगरपालिकेनं पाच महिन्यांत ठराव केला. सुरबानानांचं पहिलं काम हे. त्यांनी खुर्चीचा उपयोग केला. बाजारपेठेच्या गावात, जिथं मतं सवर्णांची, सभासद सवर्ण, शेजारी आणि सोयरे सवर्ण, तिथं असा कागद पुढं सरकवणं म्हंजे रोजच्या उठण्याबसण्यात वैर घेणं. हे आपण मान्य केलं पाहिजे.

पण पुढं काय झालं? काहीच झालं नाही. तीन वर्षं ठराव दप्तरात आणि तळं होतं तिथंच. इतर धर्माची माणसं पाणी भरत होती, गुरंढोरं पाणी पीत होती, महार-चांभार मात्र बाजाराला आला तर तहानलेलाच परत जायचा. ठराव वाचून एखादी बाई घागर घेऊन गेली असती तर घागर आधी फुटली असती, डोकं मागनं. आणि संध्याकाळी वस्तीवरचं काम बंद, दाणा बंद. नगरपालिका ठराव करते, पण पायरीवर उभं राहून राखण करत नाही.

याचा पुरावा हवा असेल तर १९ मार्च १९२७ बघा. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला हजारो माणसं जमली. रामचंद्र बाबाजी मोऱ्यांसारख्या तरुण पोरांनी गावोगाव फिरून ती जमवली होती. या माणसांना प्यायला पाणी कुठनं आणलं? सवर्णांकडनं चाळीस रुपयांचं विकत घेतलं! तळं कागदावर आपलं, आणि त्याच गावात पाणी विकत. ठरावाची किंमत त्या दिवशी चाळीस रुपये निघाली.

दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्र्यांनी सभेत सुचवलं, की आता तळ्यावर जाऊन हक्क बजावूया. माणसं निघाली. पाणी प्याली. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली, लाठ्या निघाल्या, जेवायला बसलेल्या बायाबापड्यांना मारलं. नंतर १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं! शेणमुतानं शुद्ध होणारं पाणी आपल्या हातानं बाटत होतं.

आणि नगरपालिका? ४ ऑगस्ट १९२७ ला तिनं आपला ठराव मागं घेतला. तारीख नीट बघा. बोल्यांचा ठराव ४ ऑगस्टचाच. बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला महाडनं तो पुसून टाकला. ज्या सभागृहानं दार उघडलं त्यानंच लावून घेतलं. खुर्चीवरच्या एका भल्या माणसाची ताकद किती, ते इथं कळतं. बहुमत हललं की त्याचा शब्द हलतो.

आता हिशेबाची दुसरी बाजू. ठराव गेला, पण सुरबानाना गेले नाहीत. गावानं वाळीत टाकल्यासारखं वागवावं अशा दिवसांत ते, चित्रे, सहस्रबुद्धे बाबासाहेबांच्या बाजूला उभे राहिले. डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला. परिषदेला सवर्णांची जागा मिळेना, तर फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला तिथं मनुस्मृती जळाली. आपल्या बाजूनं उभं राहायचं म्हंजे काय, हे या मूठभर लोकांनी दाखवलं. त्यांनी पुढारपण मागितलं नाही, सोबत दिली.

खटला जवळजवळ दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला : तळं नगरपालिकेचं, आणि अस्पृश्यांना वगळायची अनादि काळची वहिवाट सिद्ध होत नाही. पाणी प्याल्याला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. तळं सार्वजनिक आहे, ज्या गोष्टीवर १९२४ चा ठराव उभा होता तीच गोष्ट शेवटी खरी ठरली. पुसलेला ठराव असा परत वर आला. पण त्याला वर आणलं ते मार खाल्लेल्या माणसांनी.

त्याच १९३७ साली सुरबानाना बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून गेले. त्या वर्षी बाबासाहेबांनी खोती नष्ट करायचं बिल मांडलं. कोकणात खोत कोण? ब्राह्मण, मराठे, मुसलमान, आणि कायस्थसुद्धा. म्हंजे आपल्याच जातभाईंच्या पोटावर येणाऱ्या बिलाच्या बाजूला ते बसले. पाण्यावरनं जमिनीवर आले. माणूस खरा की दिखाऊ, हे मी इथं ओळखतो. एक ठराव करून हार घालून घेणारे पुष्कळ. हरल्यावरही त्याच बाजूला राहणारे थोडे.

म्हणून सुरबानानांची आठवण ठेवायची, पण उपकार म्हणून नाही. पाणी त्यांनी दिलं नाही, ते आपण घेतलं. तळं गावाचं होतं, आणि आपण गावाचेच होतो. त्यांनी नगराध्यक्षाचं कर्तव्य केलं, आणि ते करणारे इतके थोडे होते की ते कर्तव्यच इतिहास झालं.

आणि मित्रहो, हे आज सांगायचं कारण आहे. १९९२ च्या घटनादुरुस्तीनंतर नगरपालिकांत आपल्या राखीव जागा आहेत. आपले नगरसेवक आहेत, नगराध्यक्ष झालेत. २० मार्चला ते महाडला जातात, फोटो काढतात. जरूर जावं. पण परत आल्यावर आपल्या गावचं दप्तर उघडावं. वस्तीच्या नळाचा ठराव कोणत्या साली झाला ते बघावं. मग वस्तीत जाऊन नळाची तोटी फिरवून बघावी. पाणी आलं नाही, तर आपण अजून ५ जानेवारी १९२४ लाच उभे आहोत. २० मार्च पुढं आहे.