चिल्का सरोवराचे मुख आणि खडकवासल्याचे गणित

ओडिशाच्या किनाऱ्यावरील चिल्का सरोवर आणि समुद्र यांच्यामधील वाळूचा दांडा २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुडा गावाजवळ कापण्यात आला आणि भरतीचे पाणी नव्या वाटेने सरोवरात शिरले. हा छेद नेमका कोठे घ्यावा, याचे उत्तर शोधण्यात पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आणि गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांचा मोठा वाटा होता. एखादे मरणासन्न सरोवर शास्त्रीय अभ्यासाच्या आधारे पूर्ववत करता येते, याचे भारतातील बहुधा सर्वांत ठळक उदाहरण म्हणून चिल्काकडे पाहिले जाते. अर्थात ही कथा दिसते तितकी सरळ नाही.

पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरलेले चिल्का हे निमखाऱ्या पाण्याचे आशियातील सर्वांत मोठे खारकच्छ मानले जाते. उन्हाळ्यात सुमारे ९०६ चौरस किलोमीटर असलेला त्याचा विस्तार पावसाळ्यात १,१६५ चौरस किलोमीटरच्या घरात जातो. मुंबई शहर व उपनगर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी पावसाळ्यातील चिल्काच्या निम्म्याच्या आसपासच भरतात. उत्तरेकडून महानदीच्या दया, भार्गवी आदी शाखा, पश्चिमेकडून डोंगरातील लहानमोठे ओढे आणि पूर्वेकडून बंगालचा उपसागर, अशा तीन बाजूंनी येथे पाणी येते. गोडे व खारे पाणी यांचा ऋतूनुसार बदलणारा हा मेळ हाच चिल्काच्या समृद्धीचा पाया आहे. सुमारे दोन लाख मच्छीमारांचे पोट त्यावर चालते.

सरोवराच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा जुनी आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी स्टॅन्ले केम्प यांच्यासह १९१४ पासून येथील जीवसृष्टीची पाहणी केली. सरोवरातील बरकुडा बेटावर त्यांना सापडलेली पाय नसलेली सरड्याची जात आजही त्या बेटाच्या नावाने ओळखली जाते. याच संस्थेने १९८० च्या दशकात पुन्हा सर्वेक्षण केले. आधीची नोंद हाताशी असल्यामुळे काय टिकले आणि काय हरपले, याची तुलना शक्य झाली. आपल्याकडील फारच थोड्या जलाशयांना हे भाग्य लाभले आहे.

इराणमधील रामसर येथे झालेल्या करारानुसार १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत भारताच्या ज्या पहिल्या दोन स्थळांची नोंद झाली, त्यांत राजस्थानातील केवलादेवसह चिल्काचा समावेश होता. मात्र अवघ्या बारा वर्षांत, १९९३ मध्ये, ते धोक्यातील स्थळांच्या ‘माँत्रो नोंदवही’त गेले.

दुखणे कोठे होते?

ओडिशाच्या किनाऱ्यालगत लाटा वाळूला सतत ईशान्येकडे ढकलत असतात. त्यामुळे वाळूचा दांडा लांबत जातो आणि सरोवराचे मुखही त्याच दिशेला सरकते. चिल्काचे मुख असे सरकत सरकत मूळ जलाशयापासून इतके दूर गेले, की किनाऱ्याला समांतर असलेल्या चिंचोळ्या, गाळाने भरलेल्या पात्रातून भरतीचे पाणी आत पोहोचेपर्यंत तिचा जोर संपून जाई. दुसरीकडे नद्यांबरोबर येणारा गाळ बाहेर जाण्याची वाटही अडली. पाणी गोडे होत गेले, जलपर्णी व अन्य पाणवनस्पती माजल्या आणि उत्तरेकडील भाग उथळ झाला.

बोई किंवा मोठी कोळंबी यांसारख्या अनेक जाती समुद्रात अंडी घालतात आणि त्यांची पिले वाढीसाठी खाडीत, खारकच्छात येतात. वाटच बुजल्यावर पिले येणार कोठून? १९८० च्या दशकाच्या मध्यास वर्षाला साडेआठ हजार टनांच्या आसपास असलेले मासळीचे उत्पादन १९९९-२००० मध्ये जेमतेम १,७०० टनांवर आले.

ओडिशा सरकारने १९९१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली चिल्का विकास प्राधिकरणाची स्थापना केली होती. या प्राधिकरणाचे वैशिष्ट्य असे, की त्याने सर्व संशोधन स्वतःच करण्याचा अट्टहास धरला नाही. उपग्रहांच्या छायाचित्रांचा अभ्यास, किनाऱ्यावरील वाळूची हालचाल, पाण्याची क्षारता, मासळी, पक्षी अशी कामे त्या त्या विषयातील संस्थांकडे सोपविण्यात आली. १९१६ पासून नद्या आणि बंदरांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या खडकवासल्याच्या केंद्राने सरोवराचे गणिती प्रारूप तयार केले. मुख कोठे असेल तर किती पाणी आत येईल आणि क्षारता किती वाढेल, याचा अंदाज त्यावरून बांधता आला. नवे मुख सिपाकुडाजवळ घेतल्यास समुद्राकडे जाणारी वाट सुमारे १८ किलोमीटरने कमी होते, असे दिसून आले.

परिणाम लवकरच दिसला. २००१-०२ मध्ये मासळीचे उत्पादन सुमारे १२ हजार टनांवर पोहोचले. नोव्हेंबर २००२ मध्ये चिल्काचे नाव ‘माँत्रो नोंदवही’तून वगळण्यात आले. असा मान मिळविणारे ते आशियातील पहिले स्थळ ठरले आणि त्याच वर्षी प्राधिकरणाला रामसर पुरस्कारही मिळाला.

गणिताबाहेरचे प्रश्न

मुख उघडून पाण्याचा प्रश्न सुटला. सरोवर कोणाचे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. कोळंबीला परदेशी बाजारात भाव येताच १९८० च्या दशकापासून बाहेरच्या धनिकांनी जाळी व बांध घालून सरोवराचे भाग अडविण्यास सुरुवात केली. या कुंपणांना स्थानिक लोक ‘घेरी’ म्हणतात. एका मोठ्या उद्योगसमूहाच्या कोळंबी प्रकल्पाविरुद्ध १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘चिल्का बचाओ’ आंदोलन उभे राहिले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारी भागातील व्यापारी कोळंबीपालनावर कठोर निर्बंध घातले आणि चिल्काचाही त्यात उल्लेख केला. तरीही घेरी हटल्या नाहीत. त्या हटविण्याच्या मागणीतून मे १९९९ मध्ये सोराणा गावी पोलिसांच्या गोळीबारात चौघांचा बळी गेला. पुरस्काराच्या बातम्यांत ही घटना सहसा येत नाही. त्यानंतरही प्रशासनाने वेळोवेळी मोहिमा काढून घेरी पाडल्या आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या. मासळी वाढली की तिच्यावरील दावेदारही वाढतात, हे कोणत्याही प्रारूपात मांडलेले नव्हते.

दुसरा प्रश्न गोड्या पाण्याचा. महानदीवर संबलपूरजवळ १९५७ मध्ये हिराकुड धरण झाले आणि कटकजवळ नराज येथे जुन्या बंधाऱ्याच्या जागी नवे बॅरेज बांधण्यात आले. नराजचे दरवाजे किती आणि केव्हा उघडायचे, यावर चिल्काला मिळणारे पाणी व गाळ अवलंबून असतो. त्यामुळे सिंचन आणि पूरनियंत्रणाबरोबर सरोवराची गरजही विचारात घेणारा प्रवाहाचा अभ्यास येथे करण्यात आला. धरणाच्या दरवाज्यांचा निर्णय घेताना खालच्या अंगाच्या खारकच्छाला बाजू मांडता यावी, ही आपल्याकडे दुर्मीळच गोष्ट म्हणावी लागेल.

सहकार्याचा परीघ पुढे वाढत गेला. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने जपानच्या साहाय्याने मासेमारीच्या नियोजनात भाग घेतला. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या पर्यावरण केंद्राच्या सहभागातून २०१२ मध्ये सरोवराचे ‘प्रगतिपुस्तक’ तयार झाले आणि त्यात चिल्काला ‘ब’ श्रेणी मिळाली. शाळकरी मुलालाही समजेल अशा या श्रेणीमागे पाणी, मासळी व जैवविविधता यांची प्रत्यक्ष मोजमापे होती. पाण्यात बुडणाऱ्या-उघड्या पडणाऱ्या नलबन पक्षी अभयारण्यातील स्थलांतरित पाहुण्यांच्या अभ्यासात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दीर्घकाळ सहभाग आहे. जानेवारी २०२४ च्या गणनेत संपूर्ण सरोवरावर ११ लाखांहून अधिक पक्ष्यांची नोंद झाली. सातपाड्याच्या बाजूला दिसणाऱ्या इरावती डॉल्फिनची संख्या मात्र दीडशेच्या आसपासच आहे. यंत्रचलित होड्या आणि जाळी यांपासून त्यांना असलेला धोका टळलेला नाही.

समुद्रानेही आपले काम थांबविलेले नाही. २००० मध्ये कापलेले मुख एका जागी राहिले नाही, २००८ मध्ये गबाकुंडाजवळ आणखी एक मुख आपोआप उघडले, तर ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ धडकलेल्या ‘फनी’ चक्रीवादळाने वाळूचा दांडा आणखी काही ठिकाणी फोडला. त्या वेळी चिंता उलटी होती: क्षारता कमी होण्याची नव्हे, तर फार वाढण्याची. उत्तर, मध्य, दक्षिण आणि मुखाकडील बाह्य पात्र अशा चारही विभागांत पाण्याचे नमुने घेण्याचे काम त्यामुळेच अखंड चालू ठेवावे लागते.