हार्ड डिस्कचे विभाजन आणि देवनागरी अक्षर

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली नांदाव्यात म्हणून हार्ड डिस्कचे विभाग पाडण्याची रीत वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटते. परंतु संगणकावरील मराठीच्या इतिहासाशी तिचा जवळचा संबंध आहे.

आयबीएम कंपनीने १९८३ च्या मार्च महिन्यात १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क असलेला 'एक्सटी' संगणक आणला. त्याबरोबरच्या डॉस २.० मध्ये डिस्कच्या पहिल्या, ५१२ बाइटांच्या सेक्टरात विभागांची नोंद ठेवण्याची योजना होती. नोंदी चार, प्रत्येकी १६ बाइटांच्या. विभाग कोठे सुरू होतो, किती लांब आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे, एवढाच त्यांतील मुख्य मजकूर. निरनिराळ्या कार्यप्रणालींना एका डिस्कवर जागा मिळावी, हा या योजनेचा एक हेतू होता. विभाजनाने चकतीवर भिंत उभी राहत नाही. शेताच्या पोटहिश्श्याप्रमाणे सीमा दप्तरातच असते. म्हणूनच नोंद बिघडली, तर मजकूर जागच्या जागी असूनही हाती लागत नाही.

१९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला, तेव्हा या तरतुदीचे मोल कळून आले. विंडोजचा विभाग आखडता घेऊन मोकळ्या जागेत लिनक्स बसविता येई. संगणक सुरू होताना लिलो किंवा ग्रब हा कार्यक्रम वापरणाऱ्यास निवड विचारी. जुने न मोडता नवे पारखण्याची सोय झाली.

पुढे या दुसऱ्या विभागात देवनागरीही आली. १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आणि नवी मुंबईत खारघर येथे विस्तारलेल्या एनसीएसटी या संस्थेने 'इंडिक्स' प्रकल्पाद्वारे लिनक्सच्या एक्स विंडो यंत्रणेतच भारतीय लिप्यांचा अंतर्भाव केला. २००३ मध्ये ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. तेथील अक्षरकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडविला होता. त्यांचाच 'रघु' टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला.

याचा अर्थ असा की, विभाजनरेषेच्या दोन्ही बाजूंस एकाच हाताचे वळण होते. भेद अक्षरांच्या घडणीइतका त्यांवरील अधिकाराचा होता : 'मंगल'चे हक्क मायक्रोसॉफ्टकडे राहिले, तर 'रघु'ची प्रत काढण्यास व त्यात फेरफार करण्यास कोणासही मुभा होती.

नव्या संगणकांत चार नोंदींच्या जागी जीपीटी ही पद्धत आली आहे. तीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते आणि डिस्कच्या शेवटी दुसरी प्रत राखलेली असते. दप्तराच्या नाजूकपणावरचा हा उपाय होय. तथापि १९८३ च्या त्या ६४ बाइटांचे ऐतिहासिक ऋण मान्य केले पाहिजे. मराठी वापरणाऱ्यास आपले जुने घर न सोडता, आपल्या लिपीवर ज्यात कोणाची मालकी आड येत नाही असे दुसरे घर पाहता आले, ते त्यांच्यामुळेच.