तळटीप ७ : अतिध्रुवीकरण

७. लेखक याला ‘चुंबकाची ताकद वाढवणे’ म्हणतात, ते तितकेसे बरोबर नाही. चुंबक तोच राहतो. एमआरआयचा संदेश मुळात क्षीण का, ते पनवेलच्या एसटी स्थानकावर उभे राहून समजून घ्यावे. दहा लाख प्रवासी. निम्मे मुंबईकडे, निम्मे पुण्याकडे, फरक जेमतेम पाच जणांचा. १.५ टेस्लाच्या यंत्रात शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची गत हीच, निम्मी चुंबकाच्या दिशेने, निम्मी उलट, आणि चित्र उमटते ते या पाचांच्या जिवावर. कार्बन-१३ची अवस्था तर आणखी केविलवाणी. इलेक्ट्रॉन मात्र चुंबकाला कितीतरी पटींनी अधिक जुमानतात. त्यांची शिस्त अणुकेंद्रांनाही लावता येईल (हेच अतिध्रुवीकरण), असे भौतिकशास्त्रज्ञ ओव्हरहाउझर यांनी १९५३ मध्ये मांडले, तेव्हा भल्याभल्यांना ते पटले नव्हते. २००३ साली त्याच कल्पनेवर कार्बन-१३चा नमुना निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर गोठवून, सूक्ष्मलहरींचा मारा करून, लगेच गरम पाण्यात विरघळवला गेला. संदेश दहा हजार पटींहून अधिक वाढला. पण ही शिस्त मिनिटभरातच ढासळू लागते, त्यामुळे अशा कार्बन-१३ने युक्त पायरुव्हेटची सिरिंज घेऊन रुग्णाकडे अक्षरशः धावावे लागते. कर्करोगाच्या गाठीत या पायरुव्हेटचे लॅक्टेट किती झपाट्याने होते, ते सॅन फ्रान्सिस्कोत प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांमध्ये प्रथम पाहिले गेले. तो अहवाल २०१३चा.