केमोथेरपीचा पंधरवडा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील उपचारांचा कणा आजही ज्या औषधाचा आहे, ते फ्लुओरोयुरॅसिल अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडलबर्गर यांच्या संशोधनातून पुढे आले आणि १९५७ साली जगापुढे मांडले गेले. काही कर्कपेशी युरॅसिल हा घटक निरोगी पेशींपेक्षा अधिक प्रमाणात ओढून घेतात, असे प्रयोगांत आढळले होते. त्याच घटकाला फ्लोरिनचा अणू जोडून पेशीची फसगत करावी, ही त्यामागची कल्पना होती. या औषधाच्या एका गुणधर्माने मात्र रुग्णांच्या दिनक्रमावर पुढे अनेक दशके हुकमत गाजवली. शिरेतून दिल्यावर रक्तातील त्याचे प्रमाण दहा ते वीस मिनिटांत निम्म्यावर येते. इतक्या झटकन सरणारे औषध किती वेळा, किती सावकाश आणि कोठे द्यावे, या प्रश्नाची उत्तरे जसजशी बदलली, तसतसे केमोथेरपीच्या काळातले जगणेही बदलत गेले.

आरंभीची एक रूढ पद्धत लागोपाठ पाच दिवस इंजेक्शन देऊन चार-पाच आठवड्यांनी तोच क्रम पुन्हा सुरू करण्याची होती. चार्ल्स मोएर्टेल यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर या औषधाला लेव्हॅमिसोल या मुळात जंतांवरच्या औषधाची जोड दिल्यास, लसिकाग्रंथींपर्यंत पसरलेल्या म्हणजे तिसऱ्या टप्प्यातील रोगात मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते, असे दिसले. पण त्यासाठी रुग्णाला जवळजवळ वर्षभर दर आठवड्याला इंजेक्शन घ्यावे लागे. पुढे लेव्हॅमिसोल मागे पडले, फॉलिक आम्लाचे एक रूप असलेले ल्यूकोव्होरिन त्याच्या जागी आले आणि वर्षाचे सहा महिने झाले. या इंजेक्शनांनी तोंड येई, भाकरीचा तुकडाही गिळवत नसे. त्यावर १९९१ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीने सुचवलेला उपाय कोणत्याही घरात करता येण्याजोगा होता: इंजेक्शनच्या पाच मिनिटे आधीपासून अर्धा तास तोंडात बर्फ धरावा. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, तोंडाच्या अस्तरापर्यंत औषध कमी पोहोचते, आणि त्या आखडलेल्या वाहिन्या मोकळ्या होईतो रक्तातला औषधाचा जोर ओसरलेला असतो. औषधाच्या अल्पायुष्याचा रुग्णाला मिळालेला हा पहिला फायदा म्हटला पाहिजे.

पॅरिसमध्ये एमरी द ग्रामों यांनी याच अल्पायुष्यावर वेगळे उत्तर शोधले. औषध एकदम न देता सुमारे दोन दिवस संथपणे देत राहावे आणि दर पंधरवड्याला हा क्रम करावा, अशी ती पद्धत होती. तिला ऑक्झालिप्लॅटिन या औषधाची जोड मिळाली आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, २,२४६ रुग्णांच्या चाचणीनंतर ‘फोलफॉक्स’ या नावाने ती शस्त्रक्रियेनंतरचा सर्वमान्य उपचार ठरली. बारा पंधरवडे, म्हणजे सहा महिने. ऑक्झालिप्लॅटिनने बर्फाचा न्याय मात्र उलटा केला. हे औषध मज्जातंतूंना इतके हळवे करते की फ्रिजमधले दुधाचे पातेले उचलताच बोटांत झिणझिण्या येतात आणि गार पाण्याच्या घोटाने घसा आवळल्यासारखा वाटतो. म्हणून कालपर्यंत चघळायला दिला जाणारा बर्फ या रुग्णांच्या पथ्यात वर्ज्य झाला.

दोन दिवसांच्या ओघासाठी रुग्णालयात खाट अडवू नये म्हणून जो पंप घरी दिला जाऊ लागला, तो बाळाच्या दुधाच्या बाटलीएवढा असतो. आतल्या रबरी फुग्यात औषध भरलेले असते आणि फुगा आकसत जाईल तसे ते छातीच्या त्वचेखाली बसवलेल्या ‘पोर्ट’ या लहानशा डबीतून शिरेत उतरते. वीज नाही, आवाज नाही. मात्र परिचारिकेचे काम त्याबरोबरच घरच्यांकडे आले: नळी दुमडू न देणे, सांडलेले औषध हातमोजे घालून टिपणे, शौचालयात दोनदा पाणी सोडणे. उपचारांच्या इतिहासात या बिनपगारी श्रमांची नोंद फारच तोकडी आहे, आणि ते श्रम बहुतांशी घरातल्या स्त्रियांचे आहेत.

ज्याचे घरच दूर आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न अधिक बिकट होतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतचे रुग्ण येतात. दर पंधरा दिवसांनी गावी जाऊन परतणे त्यांतल्या अनेकांना पेलत नाही. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा देते. ठरलेल्या तारखेला रुग्ण हजर राहू शकतो यात औषधाइतकाच अशा निवाऱ्याचा वाटा आहे.

शरीरात गेल्यावर फ्लुओरोयुरॅसिलमध्ये रूपांतरित होणाऱ्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी पंपाची गरज पुष्कळ कमी केली. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासात गोळ्या घ्यायच्या आणि तिसरा आठवडा विश्रांतीचा, असा नवा क्रम आला. पण तळहात-तळपायांची कातडी लाल होऊन सोलवटणे हा त्याचा जाच होता, आणि बोटांचे ठसेच पुसट झाल्याने एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर अडवल्याची नोंद २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली.

उरला प्रश्न, पूर्ण सहा महिने लागतातच का, हा; तो तपासणाऱ्या, तिसऱ्या टप्प्यातील १२,८३४ रुग्णांच्या सहा चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग एक ते तीनच लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला असेल आणि आतड्याच्या भिंतीत फार खोल गेला नसेल, तर ऑक्झालिप्लॅटिन व कॅपेसिटाबिनचे तीन महिने सहा महिन्यांइतकेच पुरतात, असे त्यांतून दिसले; हातापायांच्या मज्जातंतूंना त्रासदायक इजा सहा महिने उपचार घेणाऱ्यांत सुमारे ४५ टक्के, तर तीन महिने घेणाऱ्यांत सुमारे १५ टक्के रुग्णांना झाली.